लाइन हलवताना

पुणे, मंगळवार

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू अगदी सहज सांगून टाकलंस, की तुमच्या कारखान्याची सर्किट बोर्ड जोडायची तीन नंबरची लाइन मेक्सिकोत, ग्वादालाहाराला चाललीय आणि ती तिकडे उभी करायला तुलाच पाठवतायत, सहा आठवड्यांसाठी. बाबा शेजारीच होते, म्हणून मी "बरं झालं, नवीन गाव बघून होईल" एवढंच बोलले. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "आणि सातव्या आठवड्यात?" मी त्यांना दटावलं, हे त्याला विचारायचं नाही म्हणून. तेव्हा मीही विचारत नाही. लाइनचं काम मला कळतं, तेवढ्यापुरतंच लिहिते.

मशीनचे बोल्ट सुटायच्या आत सोल्डर वितळवायच्या ओव्हनचं प्रोफाइल काढून घे, म्हणजे आतून जाताना बोर्ड कसा तापतो त्याचा आलेख. झोनची सेटिंग्ज वहीत उतरवली म्हणजे झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच फसगत होते. सेटिंग त्या ओव्हनचं असतं, बोर्डाला लागलेली आच वेगळी. भरलेला एक बोर्ड त्यासाठी बाजूला काढायचा, तो गेलाच असं समजायचं. त्यावर पाच-सहा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, लाव. एक मोठ्या बीजीएच्या, म्हणजे पोटाखाली सोल्डरचे बॉल असलेल्या चिपच्या, मधल्या बॉलपाशी, बोर्डाला खालून भोक पाडून. एक सगळ्यात जाड कनेक्टरच्या पायाशी. एक कडेच्या बारक्या रेझिस्टरशी, कारण जळायचं झालं तर आधी तोच जळणार. टोकं चढ्या तापमानाच्या सोल्डरने किंवा ॲल्युमिनियम टेपने बसव. कॅप्टॉन टेप गरम झाली की उचलते, आणि मग थर्मोकपल बोर्डाचं सोडून हवेचं तापमान दाखवत बसतो. हाच बोर्ड तिकडच्या ओव्हनमधून काढायचा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवून बघायचे.

तुमची सोल्डरची पेस्ट एसएसी ३०५ ना? म्हणजे ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं, बाकी कथील. ती २१७ अंशांना वितळायला लागते. शिशाच्या जुन्या सोल्डरला १८३ पुरायचे, थोडं इकडचं तिकडे झालं तरी निभायचं. आता शिखर २४० च्या आसपास हवं आणि २१७ च्या वर मिनिटभर तरी राहायला हवं. आच कमी पडली की बीजीएचा बॉल पेस्टमध्ये मिसळत नाही, उशीवर डोकं टेकावं तसा नुसता टेकून राहतो. असा बोर्ड टेस्टला पास होतो आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन मान टाकतो.

ग्वादालाहारा दीड हजार मीटर उंचीवर आहे, तुमचं इंडियाना दोन-अडीचशेवर. हवा विरळ, त्यामुळे ओव्हनचा पंखा तेवढाच फिरला तरी बोर्डापर्यंत उष्णता कमी पोचते. इकडचेच आकडे तिकडे घातलेस तर जड बोर्ड कच्चे निघतील, आणि पहिल्याच दिवशी सगळे मिळून पेस्टला नावं ठेवतील. पेस्ट बदलत बसू नकोस. आधी आलेख बघ, मग पट्ट्याचा वेग कमी कर.

पेस्ट २ ते १० अंशांत ठेवायची. बाहेर काढली की चार तास झाकणाला हात लावायचा नाही. गार डबी घाईने उघडली की हवेतलं पाणी आत बसतं, आणि रीफ्लोमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये पेस्ट वितळताना, ते उसळून बोर्डभर सोल्डरचे मणी उडतात. डबीवर बाहेर काढल्याची वेळ मार्करने, काढणाऱ्याच्या सहीसकट.

हे तुला माहीत आहे, मला कळतंय. सुपरवायझरकी अंगातून जात नाही, माफ कर. पण फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते.

एक मात्र पुस्तकात नसतं. जूनमध्ये जाणार म्हणजे तिथला पावसाळा गाठणार, तो ऑक्टोबरपर्यंत चालतो. आयसी ओलाव्याला किती नाजूक त्याच्या लेव्हल असतात; लेव्हल ३ च्या आयसींची पिशवी फोडली की १६८ तास मिळतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के दमटपणाच्या आत. नाहीतर रीफ्लोमध्ये आतलं पाणी वाफ होऊन आयसीला तडा जातो, पॉपकॉर्नसारखा. मग कोणीतरी हुशार माणूस ओलावा घालवायला आयसींची रीळच्या रीळ १२५ अंशांत भाजायला ठेवतो, आणि प्लॅस्टिकची टेप वितळून अख्खी रीळ वाया जाते. रीळ ४० अंशांवरच भाजायची, आणि त्याला दिवस लागतात. ते दिवस तुझ्या सहा आठवड्यांतूनच जाणार. पावसाळा संपून फेब्रुवारीपासून हवा कोरडी पडली की उलटा त्रास, स्टॅटिकचा. तेव्हा तू तिथे नसशील. कुठे असशील, ते मी विचारत नाहीये.

आपला मागल्या खोलीतला टीव्ही आठवतो? सातवीत असताना तू त्याचं मागचं झाकण उघडलं होतंस आणि मी तुला फाडकन थोबाडीत मारली होती. ट्यूबवरच्या त्या रबरी टोपीखाली पंचवीसेक हजार व्होल्ट असतात, बंद केल्यावरही राहतात. दोन दिवस बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी येऊन विचारलंस, "बंद असताना करंट राहतो कुठे?" त्या दिवशी बाबांना म्हटलं, हा आपल्याच धंद्यात येणार.

त्या ट्यूबचं कूळ तुझ्याच राज्यातलं. आरसीए या अमेरिकन कंपनीचं रेडिओचं काम आधी न्यू जर्सीत, कॅम्डेनला होतं. १९३६ मध्ये तिथे मोठा संप झाला, आणि १९४० मध्ये काम इंडियानात, ब्लूमिंग्टनला आलं, जिथे मजुरी कमी होती. १९५४ मध्ये त्यांचा पहिला रंगीत टीव्ही ब्लूमिंग्टनमधूनच बाहेर पडला. साठच्या दशकाच्या अखेरीला मेक्सिकोत, हुआरेसला कारखाना निघाला. अमेरिकेच्या कस्टमचा तेव्हाचा नियम असा, की अमेरिकेतले सुटे भाग बाहेर जोडून परत आणले तर जकात फक्त बाहेर वाढलेल्या किमतीवर. म्हणजे बहुतेक मजुरीवरच, आणि मजुरी तर तिथे नावाला. मग काम थोडंथोडं करून तिकडे सरकत राहिलं. १९९८ मध्ये ब्लूमिंग्टनला कुलूप. पिक्चर ट्यूब इंडियानातच, मेरियनला बनायच्या, १९४९ पासून. तो कारखाना २००४ मध्ये गेला. तोवर हे सगळं फ्रान्सच्या थॉमसनकडे होतं, आणि थॉमसनने २००५ मध्ये जगभरचा उरलेला ट्यूबचा धंदा विकला कोणाला, तर आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन, सगळीकडचे कारखाने. तेव्हा लोकांनी घरात सपाट पडदे आणायला सुरुवात केलेली होती. इटलीतला, आनान्यीचा कारखाना २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला, २०१८ मध्ये व्हिडिओकॉनच कोर्टाच्या दारात.

नोकियाने २००८ मध्ये जर्मनीतलं बोखुम बंद करून काम रोमानियात नेलं, दोन हजारांवर माणसं घरी बसली. रोमानियाचा कारखाना २०११ पर्यंतच टिकला. चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर २०१४ ला संपलं. आणि उलटा प्रयोगही झाला: मोटोरोलाने २०१३ मध्ये टेक्सासमध्ये, फोर्ट वर्थला, फोन जोडायला घेतले. पडदे, चिप, कनेक्टर सगळं आशियातून यायचं, इथे फक्त जोडणी. वर्ष-सव्वा वर्षात आवरलं. एक स्क्रू संपला तर पलीकडच्या गल्लीतून आणता येत नाही, ही तिथली अडचण. लाइन जाते तेव्हा स्टेन्सिल कापणारा, फिक्श्चर बनवणारा, नोझल दुरुस्त करणारा, सगळे तिच्यामागून जातात किंवा दुकान बंद करतात. शिकवायला निघाले आणि रडगाणं झालं. आपल्या घरची चूल अशाच तिकडून आलेल्या कामावर पेटली, तेव्हा रडायचा हक्क मला कमीच.

आता डेबीचं. एकतीस वर्षं लाइनवर, आणि तुला दर शुक्रवारी केळ्याचा ब्रेड देते, तीच ना? तिच्याजवळ वही न घेता बस. तू म्हणालास ना, अकरा नंबरच्या फीडरखाली, म्हणजे मशीनला टेपवरचे पार्ट पुरवतो त्याच्याखाली, तिने लेबलच्या कागदाची घडी सरकवलीय. ती घडी कुठल्याही वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये नाही. फीडरची बैठक झिजली असणार, त्यामुळे टेपचा खळगा पार्ट उचलणाऱ्या नोझलच्या खाली येत नाही, पार्ट तिरका उचलला जातो आणि मशीन तो फेकून देतं. पॅकिंग करताना ती घडी कचऱ्यात जाईल. मेक्सिकोत अकरा नंबर पार्ट फेकत राहील आणि तुम्ही आठवडाभर व्हॅक्यूम तपासत बसाल. अशा किती घड्या आहेत, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. आणि विचारायच्या आधी तिला स्वतः सांग, की लाइन चाललीय. नोटिसीवरून कळायला नको.

तिकडच्या मुलींनाही नुसते आकडे देऊ नकोस, आकडा तोच का ते सांग. भाषेचं अडलं तर खराब बोर्ड पुढे ठेव, तो सगळ्यांना वाचता येतो. तुलाच निवडलं ते याचसाठी, हे मला बरोब्बर कळतं. शैलाआत्याला फोनवर दोनदा सांगून झालं. तिने विचारलं, "म्हणजे बढती का?" मी विषय बदलला.

विचारायचं नव्हतं, तरी लिहिते. नोकरी सुटली तर तुझ्या व्हिसावर ६० दिवस मिळतात, त्याहून जास्त नाही. आणि पासपोर्टातला स्टॅम्प तर गेल्या वर्षीच संपला ना? मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आलास तर संपलेल्या स्टॅम्पवर परत घेतात, सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस होतात. एक तर मध्ये एकदा अमेरिकेत परत येऊन जा, नाहीतर नवीन स्टॅम्पसाठी भारतात यावं लागेल, त्याची तारीख आधीच घे. कंपनीच्या वकिलाकडून हे लेखी घे, तोंडी नको. बॉसला विचारायला लाजू नकोस. त्याच्या लाइनचं काम आहे, तुझी सहल नव्हे.

भाजणी दोन किलो पाठवतेय. मेक्सिकोला नेऊ नकोस, इंडियानातच संपव.

तुझी,
आई

ता. क. पासपोर्टाच्या त्या पानाचा फोटो आजच पाठव. बाबांना बघायचाय.