गिटार विकायची नाही, आई

आई, आप्पा,

फोनवर हा विषय काढला की आई तुला रडू येतंय आणि आप्पा लगेच पुण्यातल्या हवेवर बोलायला लागतात, म्हणून लिहून पाठवतोय, ताईला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

भावोजी म्हणतात मला मिडलाईफ क्रायसिस झालाय. असेल. पन्नाशी आली, दाढी पांढरी झाली, बँडमधला एकजण उद्यमनगरात फौंड्री बघतोय, ड्रमर दुबईला गेला, आणि मी अजून शनिवारी गाडीत गिटारचा अँप्लिफायर टाकून बेळगाव नाहीतर पुणे गाठतोय, समोर नाचणारी पोरं मी पहिल्यांदा स्टेजवर चढलो तेव्हा जन्मलीपण नव्हती. आता कानपण त्रास द्यायलेत. डॉक्टरांनी ग्राफ काढला त्यात चार हजार हर्ट्झपाशी रेघ एकदम खाली गेलीय, मोठ्या आवाजानं कान जातो तो असाच जातो म्हणे, आणि डावा जास्त गेलाय कारण इतकी वर्षं ड्रमचे सिंबल, त्या पितळी थाळ्या, त्याच बाजूला वाजले. आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. 85 डेसिबल आठ तास चालतं, पण पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि आमचा एक सेटच तासाचा. रात्री सगळं शांत झालं की कानात शिट्टी सुरू होते.

पण खरं सांगू का, कानापेक्षा दुसरं जास्त लागतंय. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे सोलो जसेच्या तसे वाजवले, लोकांनी लई टाळ्या दिल्या, आणि माझी स्वतःची गाणी वहीतच राहिली. आई, तू म्हणतेस गिटार विक आणि मामाच्या दुकानात बस, तुझी काळजी कळते मला. पण ती वही घेऊन मी दुकानात कसा बसू?

आप्पा, लहानपणी देवल क्लबच्या गाण्याला जाताना तुम्ही अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट सांगायचात. तरुणपणी एका संस्थानात इतकं गावं लागलं की आवाजच गेला, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, मग जो आवाज उरला त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. शाहू महाराजांच्या दरबारात ते गायले, केसरबाई आणि मोगूबाई त्यांच्याच तालमीतल्या. तेव्हा मी नुसता ऐकायचो, आता रोज आठवते ही गोष्ट. मी कुठं आणि ते कुठं, तुलना नाही करत मी, पण रस्ता दिसतोय. एसीडीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन, त्यालापण 2016 ला कान पूर्ण जातील म्हणून डॉक्टरांनी दौरा सोडायला लावला, तो 2023 ला बँडबरोबर परत स्टेजवर उभा राहिला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी.

तर ठरवलंय असं. घेतलेली बुकिंग डिसेंबरपर्यंत पुरी करणार, नंतर पबमधले कार्यक्रम बंद. राजारामपुरीतला क्लास दोन वेळचा करतोय, पोरं भरपूर येतात, खर्च भागतोय, पैशाची काळजी करू नका. वाजवणाऱ्यांसाठीचे इयरप्लग बनवून घेतलेत, त्यात सगळे सूर सारखेच कमी होतात, नुसता गुबगुबाट ऐकू येत नाही. आणि वहीतली गाणी रेकॉर्ड करणार, मराठीत, घरातच, अँप्लिफायर बारीक ठेवून. वरचे सूर आता गळ्यातनं निघत नाहीत म्हणून गिटार अर्धा सूर उतरवून लावतोय, खालची तार बरोबर पेटीवरच्या काळी दोनला येते.

आप्पा, तुमची पट्टी तीच ना? दोन गाण्यांत पेटी पाहिजे आणि ती तुम्हीच वाजवायची, दुसऱ्या कुणाला मी विचारलेलं नाही. काल पेटी उघडून बघितली, भात्यातनं हवा जातेय आणि मधले दोन सूर बोलत नाहीत. तुम्ही यायच्या आधी दुरुस्तीला टाकू का, का तुमच्यासमोर उघडलेली बरी, ते तेवढं आजच फोन करून सांगा.

तुमचा,
बाळू