घर सोडून आलेल्या पोराला परस्पर गाडीत बसवून देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात बारावीचा आणि दहावीचा निकाल लागतो, पेपरात पेढे भरवतानाचे फोटो येतात, आणि त्याच दिवसांत आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळी असतात, अमुक गावचा मुलगा घरातनं निघून गेला म्हणून. पुढं त्याचं काय झालं ते कुणी छापत नाही. मी एसटीत वाहक होतो, सगळी नोकरी सांगली विभागात गेली, आता रिटायर झालोय तरी मिरज स्टँड आणि स्टेशनकडं रोज चक्कर असते, त्यामुळं ही पोरं मी समोरासमोर बघितलीत आणि त्यांच्याबद्दल लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

मिरज जंक्शन आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, कुठल्याही बाजूची गाडी इथनं मिळते, त्यामुळं जत, कवठेमहांकाळ, तासगाव कडच्या पोराच्या डोक्यात घर सोडायचं आलं की पहिला मुक्काम मिरजच. त्यात हे दवाखान्यांचं गाव. रात्री पेशंटचे नातेवाईक कुठंही सतरंजी टाकून झोपलेले असतात, त्यात एखादं पोर मिसळलं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

कंडक्टरच्या मात्र लगेच लक्षात येतं. बाकीचे प्रवासी गावाचं नाव सांगून तिकीट मागतात, हे पोर पैसे पुढं करून विचारतं, एवढ्यात कुठवर जाता येतंय? असाच एकजण शेवटच्या गाडीला जतकडनं बसला होता, तेराचौदा वर्षांचा असेल, पाठीवर शाळेचं दप्तर पण त्यात वह्या नव्हत्या, कपडे कोंबले होते, हातात दहादहाच्या नोटा बारीक घडी करून घामानं ओल्या झालेल्या. कुणाकडं चाललास विचारलं की मामाकडं म्हणायचा, मामाचं गाव विचारलं की खिडकीबाहेर बघायचा. मिरजेत उतरल्यावर त्याला आधी खायला घातलं, मग बोलला. बाप दारू पिऊन पट्ट्यानं मारायचा, एवढंच कारण होतं. निकाल, मोबाईल, प्रेमप्रकरण असलं काही नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडं पोर पळालं की पहिला शब्द निघतो, वाया गेलेलं कार्टं. मुलगी असली तर विचारूच नका, ती कुणाबरोबर गेली एवढंच लोकांना बघायचं असतं, घरात तिचं लग्न ठरवत होते आणि तिला अजून अठरा पूर्ण नव्हती हे कुणी बोलत नाही. विटा, आटपाडीकडं तर अजून वेगळंच, तिकडची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला परराज्यात जातातच, त्यामुळं चार दिवस दिसला नाही तरी लोक म्हणतात गेला असेल कुणाच्या दुकानावर.

आता चांगल्या मनाची माणसं काय करतात ते सांगतो. पोराला चहा पाजतात, दोन शब्द सुनावतात आणि गावच्या गाडीत बसवून ड्रायव्हरला सांगतात, उतरव रे याला. त्यांना वाटतं पुण्य केलं. पण ज्या घरातनं ते जीव घेऊन पळालं त्याच घरात आपण त्याला परत सोडतो, तिथं आधीपेक्षा जास्त मार बसतो, आणि पुढच्या वेळी ते पोर मिरजेत थांबत नाही, सरळ मुंबई नाहीतर बेंगलोर गाठतं. असं परत पळालेलं पोर सापडणं लई अवघड. आणि वाईट मनाची माणसं काय करतात तर हॉटेलात भांडी घासायला ठेवून घेतात, जेवण आणि झोपायला जागा, पगार नाही. वर म्हणतात, आसरा दिलाय.

खरं तर करायचं सोपं आहे. 1098 ला फोन. चाइल्डलाइनचा हा नंबर 1996 ला मुंबईत सुरू झाला, आता सरकारच चालवतं, 112 या तातडीच्या मदतीच्या नंबरशी जोडलाय, पैसे लागत नाहीत, रात्री बारालाही लागतो, आणि पोर स्वतःसुद्धा फोन करू शकतं. स्टेशनवर असाल तर आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, माणसाला सांगा. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून, आणि मग समिती घरची चौकशी करून ठरवते की परत पाठवायचं का नाही. हे ठरवणं तुमचंआमचं काम नाही. हरवलेलं, एकटं पडलेलं मूल दिसून कळवलं नाही तर तो गुन्हा आहे हे तर बऱ्याच जणांना माहीतच नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे त्याला.

आईबापांसाठीही एक. पोर सापडत नाही म्हणून चौकीत गेल्यावर, थांबा की, येईल संध्याकाळपर्यंत, असं ऐकून परत आलेली माणसं मी बघितलीत. थांबायचं नाही. सुप्रीम कोर्टानं 2013 लाच सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि तपास लगेच सुरू करायचा. तुमची हद्द नाही म्हणाले तरी झिरो एफआयआर होतो, म्हणजे गुन्हा तिथंच नोंदवून मग हद्दीतल्या ठाण्याकडं पाठवतात. पहिल्या काही तासांत पोर जिल्ह्यातच असतं हो, नंतर गाडी बदलत बदलत कुठं जातं पत्ता लागत नाही.

व्हॉट्सॲपवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे. हरवल्याचा फोटो फिरवता ते ठीक, पण पोर घरी आलं तरी तो फोटो नावगावासकट वर्षानुवर्षं फिरत राहतो, वर्गातली पोरं त्याला पळपुट्या म्हणतात. सापडला कळलं की डिलीट करा आणि ग्रुपवर तसं लिहा. पेपरवाल्यांनीही सापडलेल्या पोराला मध्ये उभं करून फोटो छापू नये, कायद्यानं त्याची ओळख उघड करता येत नाही.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. बालगृहात राहिलेलं पोर अठराचं झालं की बाहेर पडतं. कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे अठरानंतर राहायच्या जागेची, आणि मदतीची सोय आहे, पण पोराला स्वतःला ते माहीत पाहिजे ना. कुपवाड एमआयडीसीत काम मिळतं, पण खोली बघायला गेलं की मालक विचारतो आधारवरचा पत्ता कुठला, घरचे कोण, ओळखीचं कोण. काय सांगणार ते? मग दिवसा कंपनीत आणि रात्री स्टँडवर, असली अठराएकोणीसची पोरं आहेत, भिकारी नाहीत, व्यसनी नाहीत, फक्त घर नाही. खोलीमालकांनी कंपनीच्या सुपरवायझरला फोन करून खात्री करावी आणि खोली द्यावी, एवढी माझी विनंती आहे.

आपल्याकडं मागणं एकच. निकालाच्या दिवसापासनं जून संपेपर्यंत रोज एक छोटी चौकट द्या, त्यात 1098, सांगलीची बालकल्याण समिती कुठं बसते तो पत्ता, आणि 'परस्पर घरी पाठवू नका' एवढी एक ओळ. पहिल्या पानावर जागा नसली तर मार्केट यार्डातल्या हळद, गूळ, बेदाण्याच्या भावाखाली दिली तरी चालेल, ते पान हमाल, ट्रक ड्रायव्हर, हॉटेलवाले सगळे बघतात आणि पोर पहिलं भेटतं ते त्यांनाच.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, मिरज