शिट्टी ठेवून देण्याआधी

टल्सा, ओक्लाहोमा
नोव्हेंबरचा पहिला रविवार

प्रिय संजय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. शाळांच्या फुटबॉल सामन्यात ऑफसाइड दिलास म्हणून एका पोराचा बाप मैदानात घुसतो, तुझी कॉलर धरतो, आणि वर तुमचे मुख्याध्यापक तुलाच "जरा समजुतीनं घ्यायचं हो सर" म्हणतात. हे वाचून माझं डोकं सणकलं, तर तुझं काय झालं असेल! शिट्टी ड्रॉवरमध्ये टाकली म्हणतोस. टाक. पण कुलूप लावायच्या आधी माझं ऐक, कारण गेले काही आठवडे माझ्याही डोक्यात हाच विषय घोळतोय.

इथल्या हायस्कूल फुटबॉलबद्दल मागे तुला सांगितलं होतं. आपलं नव्हे, त्यांचं फुटबॉल, हेल्मेट घालून धडका मारायचं. शुक्रवारी रात्री अख्खा गाव शाळेच्या स्टेडियमवर. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की कशी हवा असते, तशीच. फक्त ढोलताशाऐवजी शाळेचा बँड असतो आणि त्यात आमची ईशा क्लॅरिनेट वाजवते. तिला सोडायला-आणायला जाता जाता मी चेन गँगमध्ये भरती झालो. घाबरू नकोस. चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे सरकायचं असा या खेळाचा कणा आहे, आणि ते दहा यार्ड मोजायला दोन खांबांना बांधलेली साखळी असते. ती धरायला शाळेच्या ओळखीतले चारजण लागतात. त्यातला एक खांब माझा.

गंमत अशी की प्रेस बॉक्स, म्हणजे पत्रकारांची खोली, यजमानांच्या बाजूला, आणि साखळी त्याच्या समोरच्या बाजूला. म्हणजे आम्ही यजमान शाळेचे लोक उभे कुठे, तर पाहुण्या संघाच्या बाकासमोर! त्यांचे प्रशिक्षक काय बोलतात, पोरं काय पुटपुटतात, सगळं कानावर पडतं. आणि नियम कडक: टाळी नाही, ओरडणं नाही, कोणाला सूचना नाही. खेळ अंगावर आला की खांब खाली टाकून मागे सरायचं. आपल्या पोरांनी टचडाऊन, म्हणजे या खेळातला गोलच, केला तरी तोंड मिटून उभं राहायचं. तुला ठाऊक आहे, मला हे किती जड जातं.

तर काही आठवड्यांपूर्वीचा सामना. शाळांची नावं लिहीत नाही, तुला काही उपयोग नाही आणि इथं माझं घर आहे. शेवटचं मिनिट, आम्ही चार गुणांनी पुढे, त्यांचा चौथा डाऊन. त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोराने, कडेला लांब पास टाकला. सहा फुटी एक पोरगा उडाला, चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि रेषेच्या आत पाय टेकवून बाहेर कोसळला. हायस्कूलमध्ये झेल धरताना एक पाय आत असला की पुरतो. तो आत होता. मी पाचेक पावलांवर होतो, मागे सरताना माझी नजर त्याच बुटावर होती. लाइन्समनच्या, म्हणजे कडेच्या पंचाच्या, आणि त्या बुटाच्या मध्ये मात्र आमचा बचावपटू होता. लाइन्समनने हात फिरवून झेल अपुरा असल्याची खूण केली. पांढऱ्या टोपीचा मुख्य रेफरी धावत आला, दोघं मिनिटभर बोलले, निर्णय कायम. चेंडू आमचा, सामना आमचा.

मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायलाही नको होतं. साखळी धरणाऱ्या यजमानाची साक्ष चालायला लागली तर उद्या माझ्यासारखाच दुसरा कोणी बुटाचा पत्ता बदलेल. तू असतास तर तूही मला गप्पच बसवलं असतंस.

त्यांच्या प्रशिक्षकाने हेडसेट आपटला. तोंडातून जे निघालं ते ईशाच्या आईसमोर मी सांगू शकत नाही. पिवळा रुमाल पडला, पंधरा यार्डांचा दंड झाला. पण तो झेल घेतलेला पोरगा! चेंडू उचलून लाइन्समनच्या हातात दिला, एकच वाक्य बोलला, "सर, पाय आत होता," आणि बाकावर जाऊन बसला. सतरा वर्षांचा असेल. सामना संपल्यावर त्याच प्रशिक्षकाने पोरांना ओळीत उभं केलं आणि सगळ्यांनी आमच्या पोरांशी हात मिळवले. त्यालाही राग गिळायला दहा मिनिटं पुरली, हे मी त्याच्या खात्यात जमा धरतो.

आणि आमच्या बाजूला? जल्लोष. सामन्याआधी लाउडस्पीकरवरून खिलाडूवृत्तीचं निवेदन वाचतात: पंचांचा मान राखा, प्रतिस्पर्ध्यांचा आदर करा वगैरे. ते निवेदन, नीट बघितलंस तर, हरणाऱ्यासाठीच लिहिलेलं असतं. ओरडू नका, निर्णय स्वीकारा, हात मिळवा. जिंकणाऱ्याने काय करायचं, यावर त्यात चकार शब्द नाही. आमची पोरं शिव्या देत नव्हती, कारण द्यायचं कारणच नव्हतं. एवढ्यावर आम्हीही खिलाडू ठरलो!

सोमवारी व्हिडिओ आला. इथं दोन्ही संघ सामन्यांचं चित्रण एकमेकांना देतात, त्यामुळे लपून काही राहत नाही. बूट आत, हिरवळीवर, रेषेपासून चांगला वीतभर. मी बूस्टर क्लबमधल्या, म्हणजे शाळेच्या संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळातल्या, एका मित्राला म्हटलं, निकाल बदलायचा नाही, पण आपल्या कोचने त्यांच्या कोचला फोन करून एवढं तरी म्हणावं की तुमच्या पोराचा झेल खरा होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला सातबारा त्यांच्या नावावर करायला सांगतोय. "मागच्या वर्षी त्यांनी केला होता का फोन?"

याच राज्यात २०१४ साली यापेक्षा फार मोठं प्रकरण झालं होतं, इथं अजून कोणी ते विसरलेलं नाही. बाद फेरीतला उपांत्यपूर्व सामना. ओक्लाहोमा सिटीमधली डग्लस ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलांची शाळा विरुद्ध लोकस्ट ग्रोव्ह, आमच्या टल्साच्या पूर्वेचं छोटं गाव. लोकस्ट ग्रोव्ह २०-१९ ने पुढे. शेवटची ६४ सेकंद उरलेली असताना डग्लसने ५८ यार्डांचा टचडाऊन केला. पण त्या पोराबरोबर कडेने पळताना डग्लसचा एक प्रशिक्षक एका पंचाला आडवा आला. मुद्दाम नाही, उत्साहात. यालाही दंड आहे, पाच यार्डांचा, आणि तो पुढच्या खेळीत लावायचा. टचडाऊनला धक्का लागत नाही. पंचांनी मात्र टचडाऊनच रद्द केला. डग्लस हरली.

बघ, माझ्या त्या बुटाचा प्रश्न नजरेचा होता. हा नियमाचा होता. पंचांनी डोळ्यांनी बरोबर बघितलं आणि पुस्तक चुकीचं लावलं. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने चूक उघड मान्य केली, माफीही मागितली, पण निकाल बदलणार नाही म्हणाली. मग शिक्षण मंडळ कोर्टात गेलं: शेवटची ६४ सेकंद तरी पुन्हा खेळवा, नाहीतर सगळा सामना. डिसेंबरात न्यायाधीश बर्नार्ड जोन्स यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्या संघटनेचे नियम मान्य करून तुम्ही खेळायला उतरलात, तिच्यापेक्षा फुटबॉलचा निकाल कोर्टाला जास्त कळतो असं मानणं बरं नव्हे. आणि हे दार उघडलं तर उद्या झगा घातलेले पंच, म्हणजे न्यायाधीशच पंच, तयार होतील.

निकाल पटतो मला. खरंच पटतो. ती ६४ सेकंद परत कुठून आणणार? तीच दमलेली पोरं, तीच थंडी, तीच धडधड कोर्टाच्या हुकुमाने मिळत नाही. आणि आपल्याकडे तर, भावा, प्रत्येक आंतरशालेय सामन्याला स्टे ऑर्डर लागली असती! पण संघटना झाली, कोर्ट झालं, पंच झाले, सगळ्यांनी हात वर केल्यावर दुरुस्ती करू शकणारा एकच पक्ष उरतो, आणि तो म्हणजे जिंकलेला. त्याला मात्र कोणीच काही विचारत नाही. लोकस्ट ग्रोव्हच्या पोरांचा यात काही दोष नव्हता, त्यांनी नियम मोडला नव्हता की पंचाला फसवलं नव्हतं. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. दोष नसलेल्याने भरपाई का द्यावी?

अशी भरपाई एकदा दिलीही गेली आहे, कॉलेजच्या खेळात. १६ नोव्हेंबर १९४०, हॅनोव्हर, न्यू हॅम्पशायर. कॉर्नेलचा संघ अपराजित, डार्टमथविरुद्ध ०-३ ने मागे. शेवटच्या क्षणी टचडाऊन करून त्यांनी ७-३ असा सामना जिंकला. नंतर फिल्म तपासली तर रेफरी रेड फ्रीझेल यांची मोजणी चुकली होती, कॉर्नेलला चारऐवजी पाच डाऊन मिळाले होते आणि टचडाऊन पाचव्यावर झाला होता. फ्रीझेल यांनी चूक कबूल केली. कॉर्नेलने तार करून विजय सोडून दिला, डार्टमथने तो स्वीकारला, आणि नोंदीत आजही ३-० डार्टमथ असंच आहे. कॉर्नेलचे तेव्हाचे अध्यक्ष एडमंड डे स्वतः डार्टमथचे माजी विद्यार्थी होते, हा मजेशीर भाग. पण बरोबर पन्नास वर्षांनी, १९९० च्या ऑक्टोबरात, कोलोरॅडोने मिसुरीला असंच पाचव्या डाऊनवर ३३-३१ असं हरवलं. त्यांचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी मिसुरीचे माजी विद्यार्थी! त्यांनी विजय सोडला तर नाहीच, उलट मैदान निसरडं होतं अशी तक्रार केली. त्या वर्षी कोलोरॅडोला राष्ट्रीय विजेतेपदातही वाटा मिळाला. तेव्हा माजी विद्यार्थी असण्यावरून काही सिद्ध होत नाही.

ईशाला हे सगळं जेवताना सांगितलं. ती म्हणाली, बाबा, त्यांनी पहिल्या हाफमध्ये दोन सोपे झेल सोडले, ते धरले असते तर शेवटच्या झेलावर वेळच आली नसती. खरं आहे. पण हा युक्तिवाद हरलेल्याने स्वतःशी करायचा असतो. जिंकलेल्याने तो केला की त्याला वास येतो. मी तिला वानखेडेची गोष्ट सांगितली: १९८० चा ज्युबिली कसोटी सामना, इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी बाद दिलं होतं, आपला कर्णधार विश्वनाथ याने त्याला परत बोलावलं, त्याने बोथमबरोबर भागी रचली आणि आपण हरलो. ईशाचा प्रश्न: "मग लोकांनी विश्वनाथला शिव्या दिल्या?" मी म्हटलं, आज त्या सामन्यातलं बोथमचं शतक लोकांना आठवतं आणि त्याच्या बरोबरीने हेही. तिचं समाधान झालं नाही. सोळा वर्षांच्या पोरीचं होऊही नये.

कॅमेरा लावून हे मिटेल असं तू म्हणशील. शालेय फुटबॉलमध्ये चित्रण बघून निर्णय तपासायला फार काळ बंदीच होती. २०१९ पासून शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने राज्यांना मुभा दिली, तीही फक्त हंगामानंतरच्या बाद फेरीसाठी. साध्या शुक्रवारी पाच पंच, एक शिट्टी आणि आमची साखळी, एवढंच. मला तेच बरं वाटतं. कॅमेरे आले की पंचाचं ऐकायची सवय उरलीसुरली तीही जाईल.

आता तुझ्या शिट्टीकडे येतो. या देशात शालेय खेळांचे सुमारे ५०,००० पंच २०१८-१९ नंतर काम सोडून गेले, असा महासंघाचाच आकडा आहे. आणि का जातात असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच: मोठ्यांचं वागणं. पोरांचं नव्हे. टेक्सासमध्ये २०१५ साली दोन खेळाडूंनी एका पंचाला पाठीमागून धडक देऊन पाडलं होतं. त्या प्रकरणात शेवटी त्यांच्याच सहायक प्रशिक्षकाने कोर्टात गुन्हा कबूल केला. पंच मिळत नाहीत म्हणून काही ठिकाणी शुक्रवारचे सामने गुरुवारी ढकलावे लागतात. आमचा तो लाइन्समन दिवसा एसी दुरुस्त करतो, रात्री शिव्या खातो. चुकला तो. पण पुढच्या शुक्रवारी तो आला नाही, तर त्याच्या जागी उभं राहायला मला कोणी दिसत नाही.

म्हणून तू शिट्टी ठेवून दे असंही म्हणत नाही आणि उचल असंही. पण एक अट घाल. ज्या शाळेच्या पालकाने कॉलर धरली, ती शाळा तो सामना जिंकली का हरली हे तू लिहिलं नाहीस. हरली असेल तर त्यांच्याकडून माफीपत्र माग. आणि समोरची शाळा जिंकली असेल, तर तिचे क्रीडाशिक्षक तेव्हा कुठे होते, हेही मुख्याध्यापकांना विचार. निर्णय त्यांच्या बाजूचा होता आणि मार तू खाल्लास. त्यांच्यातला एकजण जरी तुझ्या शेजारी येऊन उभा राहिला असता, तर त्या बापाची हिंमत झाली नसती.

मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतोय. तोपर्यंत केएसएचा, आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलचा, हंगाम चालू झालेला असेल, दोन तिकिटं काढून ठेव. खालच्या बाजूची नकोत, मागच्या वेळी बाटल्या डोक्यावरून गेल्या होत्या. वहिनींना सांग, जेवायला तांबडा-पांढराच हवा, पनीर वगैरे नको. आणि ऑफसाइड खरंच होता का रे? मला सांगायला काय हरकत आहे.

तुझा,
अजित