बाबांना न पटलेली नोकरी

ऑस्टिन, टेक्सस
8 जून 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा "बरं, ठेवतो" म्हणाले आणि खरंच ठेवला. जानेवारीपासून असंच चाललंय. मी रिपब्लिकन आमदाराच्या कचेरीत इंटर्न म्हणून लागले हे त्यांना पचलेलं नाही. सेवा दलाच्या शाखेवर वाढलेल्या माणसाची पोर असल्या लोकांच्या दारात, असं ते काकांना म्हणाले, काकांनी काकूला सांगितलं आणि काकूच्या पोटात काही राहत नाही. फोनवर तुमचा आवाज तुटतो आणि माझा चढतो, म्हणून लिहायला बसले.

आधी खरं सांगते. मी अर्ज दोन्ही पक्षांकडे केले होते. पहिलं उत्तर यांचं आलं. विद्यापीठानं सीपीटीची, म्हणजे शिकता शिकता काम करायची, परवानगी आय-ट्वेंटीवर (विद्यार्थी व्हिसाच्या कागदावर) छापून दिली, श्रेयांकही मिळणार होते, मग मी कशाला थांबू? शिवाय इथल्या दोन्ही सभागृहांत 2003 पासून रिपब्लिकनांचंच बहुमत आहे. कायदा कसा शिजतो ते बघायचं तर जिथे चूल पेटलीय तिथेच जावं लागतं.

आता ते संपलंसुद्धा. अधिवेशन 2 जूनला उठलं. इथली विधानसभा दोन वर्षांतून एकदा भरते, तीही जास्तीत जास्त 140 दिवस. आमदाराला महिना 600 डॉलर पगार (अधिवेशनात वर रोजचा भत्ता). तेवढ्यात माझ्या खोलीचं भाडंही निघत नाही. त्यामुळे प्रत्येकाचा काहीतरी पोटापाण्याचा धंदा असतो. आमच्या साहेबांची गुरं आहेत आणि गावात विम्याचं दुकान. 'साहेब' हे आपलं माझ्या मनातलं, तोंडानं 'सर'.

आई, तू विचारलं होतंस, बसतेस कुठे. विधानभवन 1888 सालचं, गुलाबी ग्रॅनाइटचं, इतकं देखणं की पहिले चार दिवस मी मान वर करूनच चालत होते. दाराच्या पितळी बिजागऱ्यांवरसुद्धा 'टेक्सस कॅपिटॉल' अशी अक्षरं आहेत. पण आमची कचेरी खाली, 1993 साली जमिनीखाली बांधलेल्या भागात. दिवसभर काम म्हणजे फोन. कुणाला विधानभवनावर फडकवलेला झेंडा विकत हवा असतो, कुणाच्या आजीला शंभर वर्षं झाली म्हणून अभिनंदनाचा ठराव. बाकीचे विधेयकांवर बोलतात. त्यांचं नाव, गाव लिहायचं आणि 'हवं' किंवा 'नको'च्या रकान्यात रेघ मारायची.

त्या रेघांबद्दलच बाबांना सांगायचंय.

यंदाचं मोठं विधेयक शाळांचं होतं. मूल खासगी शाळेत घालणाऱ्या पालकांना सरकारनं पैसे द्यायचे, वर्षाला मुलामागे साधारण 10 हजार डॉलर, सुरुवातीला एकूण 1 अब्ज. आपल्याकडे आरटीईच्या 25 टक्क्यांत सरकार खासगी शाळेला फी भरून देतं, पण ते गरिबांच्या नावानं. इथे गरिबांना रांगेत पुढे उभं केलंय, श्रीमंतांना रांगेतून काढलेलं मात्र नाही. बाबा, तुम्ही म्हणाल, हे तर डेमोक्रॅटच अडवणार. पण 2023 साली हे पाडलं त्यात 21 रिपब्लिकनही होते, बरेचसे खेड्यापाड्यांतले. त्यांच्या गावात दुसरी शाळाच नाही. गावातल्या निम्म्या घरांची चूल शाळेच्या पगारावर, शुक्रवारी रात्री सगळं गाव शाळेच्या फुटबॉलला. मग 2024 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर ॲबट त्यांच्याविरुद्ध प्रचाराला उतरले आणि त्यातले कितीतरी पडले.

मार्चमध्ये समितीपुढे सुनावणी झाली. लोक रात्रभर रांगेत होते, माणशी दोन-तीन मिनिटं बोलायला. आमच्या मतदारसंघातून फोन येत राहिले. माझ्या वहीत 'नको'च्या रेघा पानावर मावेनात, 'हवं'च्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी रोज संध्याकाळी वही साहेबांच्या टेबलावर ठेवायची. ते बघायचे. खरंच बघायचे, एकेका नावावर बोट ठेवून. हा अमक्याचा मुलगा, ही माझ्या बायकोची मास्तरीण.

एप्रिलमध्ये मतदान झालं, पहाटे दोनच्या सुमारास. मी वर प्रेक्षक गॅलरीत होते. इथे आमदार जागेवरचं बटण दाबतात आणि भिंतीवरच्या फलकावर नावापुढे हिरवा नाहीतर लाल दिवा लागतो. कुठे काय दाबायचं ते गडबडीत चुकू नये म्हणून आपल्या बाजूचा एखादा आमदार हात वर करून दाखवतो, एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. एक बोट वर गेलं. साहेबांच्या नावापुढे हिरवा लागला. रिपब्लिकनांमधले दोनच जण विरोधात गेले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. माझी जागा नव्हती विचारायची, पण विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, फोन करणारे वेगळे आणि मार्चमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत मत द्यायला येणारे वेगळे. गेल्या वर्षी पक्षाच्या मतपत्रिकेवर याच प्रश्नावर कौल घेतला होता, तेव्हा बहुतेकांनी हो म्हटलं होतं, हे खरंच आहे. आणि पोर कुठल्या शाळेत जाणार ते सरकारनं नाही, आईबापांनी ठरवावं, असं त्यांना मनापासून वाटतं. मला नाही पटलं. चारातल्या तीन गोष्टी मला त्यांच्या पटत नाहीत. पण प्रत्येक विधेयक ते स्वतः वाचतात, मी लिहिलेल्या टिपणात चुकीचं कलम पकडतात, आणि जेवणाआधी प्रार्थना करताना माझ्या डब्याकडे बघून "यात मांस नाही ना, मग लवकर आटपतो" म्हणतात.

गव्हर्नरांनी 3 मे रोजी सही केली. त्यानंतरच्या आठवड्यात एका छोट्या गावाच्या शाळाप्रमुखांचा फोन आला. म्हातारा आवाज. भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "मार्चमध्ये मी बोललो होतो, ते कुणी लिहून घेतलं होतं का?" मी म्हटलं, हो सर, मीच लिहिलं होतं. "थँक यू, मॅम," म्हणाले आणि ठेवला. अगदी तुमच्यासारखा.

बाबा, तुमची शाहूवाडीच्या शाळेत बदली झाली तेव्हा आई म्हणत होती, एकदा गारगोटीत आमदारांना भेटून या. तुम्ही गेला नाहीत. तीन वर्षं शनिवारी रात्रीच्या एस्टीनं येत राहिलात, सोमवारी पहाटे परत. मला राग यायचा तुमचा. भेटला असता तर तिथेही माझ्यासारखी कुणीतरी पोर वही घेऊन बसलेली असती का, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. बहुधा नसती. पीए असता आणि 'नंतर या' म्हणाला असता.

आई, कांदा-लसूण चटणी संपली. पुण्याहून कुणी येणार असेल तर अर्धा किलो दे, पिशवी दुहेरी बांध, मागच्या वेळी तेल सगळं माझ्या पुस्तकांवर आलं.

आणि बाबा, तुमच्या त्या वाडीवरच्या शाळेचा पट आता किती आहे? दोन शिक्षक आहेत की एकच? लिहून कळवा, फोनवर नको.

तुमची,
शुभा