आई-बाबा, या वेळी आपण मॉरिशसला भेटूया

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई विचारते, "पिल्लू जेवलं का?" आणि बाबा विचारतात, "खर्च किती?" मग पुढचं बोलणं राहूनच जातं. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा. आईचा चष्मा शोधून, चहा घेऊन, निवांत.

तुळशीचं लग्न लागलं की आठ-दहा दिवस तुम्ही दोघांनी मॉरिशसला यावं, अशी माझी फार इच्छा आहे. तुम्ही मुंबईहून या, आम्ही तिघं श्टुटगार्टहून येतो. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांचं, म्हणजे इथे जर्मनीला येताना तुम्हाला जेवढं बसावं लागतं त्यापेक्षा बरंच कमी.

पुण्याला का येत नाही, असं बाबा विचारतील. पुण्याला मी येणारच आहे, ते वेगळं. पण मी आले की काय होतं, ते आठवा. पहाटे मी दारात पाऊल टाकते तेव्हा आई ओट्याशी उभी असते आणि मी निघते त्या रात्रीसुद्धा ओट्याशीच उभी असते, कारण डब्यात थालीपीठं भरून द्यायची असतात. मधल्या दिवसांत कोथरूडची मावशी, सदाशिव पेठेतले काका, बँकेचं केवायसी, दातांचे डॉक्टर, तुळशीबाग. बाबा सतत रिक्षा बघायला खाली उतरलेले. रात्री अकराला आपण सगळे बसतो तेव्हा कुणालाच डोळे उघडे ठेवता येत नाहीत. आणि तुम्ही इकडे आलात तेव्हा मी दिवसभर ऑफिसात, तुम्ही खिडकीशी, बाहेर साडेचारला अंधार. त्याआधी व्हिसाची कागदपत्रं गोळा करताना बाबांना झालेला त्रास मी विसरलेले नाही. मला तुमच्यासोबत अशा ठिकाणी राहायचंय जिथे आपल्यापैकी कुणाचंच घर नाही. कुणी कुणाचा पाहुणा नाही आणि कुणाला सकाळी कुकर लावायचा नाही.

मालदीवचाही विचार केला होता. फोटो बघितले की कुणालाही तिथेच जावंसं वाटेल. पण तिथे बहुतेक एका बेटावर एकच हॉटेल असतं, आणि बेट एवढं लहान की चक्कर मारायला अर्धा तासही लागत नाही. विमानतळावरून पुढे स्पीडबोट नाहीतर पाण्यावर उतरणारं छोटं विमान. हलत्या बोटीत चढायचं-उतरायचं म्हणजे बाबांच्या गुडघ्यांची परीक्षा. शिवाय रात्री-अपरात्री काही लागलं तर डॉक्टरपर्यंत पोचायला पुन्हा बोटच. मॉरिशसमध्ये गावं आहेत, दवाखाने आहेत, औषधांची दुकानं आहेत, गाडीने कुठूनही कुठे जाता येतं. अख्खं बेट पुणे जिल्ह्याच्या साधारण आठव्या हिश्शाएवढं.

आता आईसाठी लिहिते.

आई, दिवेआगर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, आपल्या प्रत्येक सहलीच्या फोटोंमध्ये मी तुला शोधत होते. एक तर तू नसतेस, किंवा असतेस ती लांब, कोरड्या वाळूवर. मांडीवर सगळ्यांचे टॉवेल, हातरुमालात गुंडाळलेलं बाबांचं घड्याळ आणि चष्मा, शेजारी सगळ्यांच्या चपला ओळीने लावलेल्या. आम्ही भिजून यायचो आणि तू टॉवेल पुढे करायचीस. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढते त्याची तुला भीती वाटते, हे तू मला एकदाच बोलली होतीस. माझ्या ते डोक्यातून गेलेलं नाही. मॉरिशस ठरवण्यामागचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

त्या बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचं कुंपण आहे. समुद्राच्या लाटा किनाऱ्यापासून लांब त्या प्रवाळावरच फुटतात. किनाऱ्यावरून बघितलं तर दूर एक पांढरी रेघ दिसते आणि तिच्या अलीकडचं पाणी संथ असतं, तळाची वाळू दिसेल इतकं नितळ. आपण उत्तरेकडे राहणार आहोत, ट्रू ओ बिश नावाच्या गावाजवळ. तिथला किनारा हळूहळू खोल होत जातो, त्यामुळे बरंच आत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच. जवळच्या मों श्वाझीच्या किनाऱ्यावर आपल्या कोकणात असतं तसं सुरूचं बन आहे. सगळे किनारे सार्वजनिक आहेत, आणि रविवारी तिथली कुटुंबं डेगची घेऊन त्या सावलीत जेवायला बसतात. दक्षिणेला ग्री-ग्री म्हणून जागा आहे. तिथे मात्र ते कुंपण नाही, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे आपण फक्त बघायला जाऊ.

तू पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतर. मी तुझा हात धरून उभी राहीन, तू म्हणशील तेवढा वेळ. चपला सांभाळायला तुझा जावई किनाऱ्यावर बसणार आहे, त्याने स्वतःहून कबूल केलंय. फक्त एक पाळायचं, अनवाणी उतरायचं नाही. प्रवाळाचे तुकडे पायाला कापतात, काटेरी गोळ्यासारखे सी-अर्चिन असतात, आणि स्टोनफिश नावाचा विषारी मासा अगदी दगडासारखा पडून असतो. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट मी इथून आणते. वर्तमानपत्रावर दोघांनी पाय ठेवून पेन्सिलीने कड काढा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टीने मोजा आणि आकडा कळवा. आईचा उजवा पाय संध्याकाळी सुजतो, म्हणून माप संध्याकाळीच घ्या.

बाबा, तुम्ही म्हणाल, वाळूत बसून मी करू काय? भारत इतिहास संशोधक मंडळातलं व्याख्यान सहसा न चुकवणाऱ्या माणसाला मी नुसतं वाळूत बसवेन का! तिथल्या राजधानीत, पोर्ट लुईला, आप्रवासी घाट आहे. 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला नेले गेले, बरेचसे तिथल्याच उसाच्या मळ्यांसाठी. जहाजातून उतरून ज्या दगडी पायऱ्या चढून ते वर आले त्या या घाटावर अजून आहेत. 2006 साली त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्यांच्या पणतू-खापरपणतूंची वस्ती आजही तिथे आहे, शाळांमधून मराठी शिकवतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तुम्ही त्या पायऱ्यांपाशी उभे राहून पिल्लूला हे सगळं सांगावं असं मला फार वाटतं. तिच्या बालवाडीत सगळं जर्मनमध्ये चालतं. आपली माणसं समुद्रापार कशी गेली, हे तिने आजोबांच्या तोंडून, मराठीत ऐकावं.

नोव्हेंबरअखेरीचे दिवस मी मुद्दाम निवडलेत. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तेव्हा तिथे उन्हाळ्याची सुरुवात असते. पाणी उबदार झालेलं असतं, आणि वादळांचा खरा जोर जानेवारी ते मार्च, त्याच्या आधीच आपण परतलेलो असू. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फुलणारा गुलमोहर तिथे त्याच सुमाराला फुलतो. पुढच्या वर्षी पिल्लूची शाळा सुरू होते. मग इथल्या नियमाने सुट्टीखेरीज तिला कुठे नेता येणार नाही, आणि सुट्टीत तिकिटं कुठच्या कुठे जातात.

खाण्याची काळजी नको. नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलातच, शाकाहारी मिळतं, मी लेखी विचारून घेतलंय. खोलीत किटली आहे, आईने आपली चहापत्ती आणि आलं किसून वाळवलेली पूड तेवढी आणावी. ताजी फळं, कढीपत्ता, बिया, रोपं काहीही आणू नका, तिथे त्याबाबत कडक आहेत. दुपारी आपण गाडीवरची ढोलपुरी खाऊ. वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पोळी, वर घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा-भाजी आणि चटणी, कागदात गुंडाळून देतात.

औषधांचं मात्र बाबांनी मनावर घ्या. झोपेच्या आणि जालीम वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले नियम कडक आहेत. सगळ्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि अर्ध्या गोळ्या हातातल्या बॅगेत. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळीची वेळ फारशी हलत नाही. विमा काढताना रक्तदाब आणि साखर दोन्ही लिहायचं, काहीही लपवायचं नाही. दोघांसाठी व्हीलचेअर मी तिकिटासोबतच मागून ठेवणार आहे. बाबा, त्यात कमीपणा काही नाही, मुंबईच्या विमानतळावर चालावं फार लागतं.

आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवायचं, आणि निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा, तो मी भरते. पासपोर्टची मुदत तेवढी बघून ठेवा.

खर्च आम्ही दोघांनी ठरवून बाजूला काढलाय, कर्ज काढलेलं नाही. तुम्हाला काही न देता राहवणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून पुणे-मुंबई जायची-यायची गाडी तुमच्याकडे. लोणावळ्याला थांबून चहा घ्यायचा, घाई करायची नाही. दूध-पेपर बंद करायचं आणि तुळशीला पाणी घालायचं समोरच्या काकूंना मी स्वतः फोन करून सांगते.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो आणि पायांची मापं या रविवारपर्यंत पाठवा, म्हणजे तिकिटं काढते. आणि बाबा, आईचं उत्तर तुम्ही देऊ नका. "तिचंही हो आहे" एवढ्यावर मी तिकीट काढणार नाही. तिला यायचंय की नाही, ते तिने मला स्वतः फोन करून सांगायचं. तिच्या मनात भीती असेल तर तीही सांगायची. शनिवारी दुपारी मी घरीच आहे.

तुमची,
चिऊ