कुंपणाला करवंदच लाव

प्रिय सुधा,

तुझं पत्र मिळालं. कुंपणाच्या कडेने रंग हवा, पाखरं यायला हवीत आणि रोज पाणी घालणं जमणार नाही, असं तू लिहिलंस. घाणेरी लावू का, असंही विचारलंस. घाणेरी नको गं. करवंद लाव.

घाणेरीवर फुलपाखरं येतात हे मला मान्य आहे. पण अमेरिकेच्या उष्ण भागातलं हे झुडूप १८०९ च्या सुमारास शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणलं, आणि आज डोंगरातल्या कितीतरी वाटांच्या दोन्ही अंगांना तेच माजलंय. त्याच्या गचपणात दुसरं रोप वर येत नाही, पानं गुरांना विषारी. तुझं घर रानाला लागून आहे. तुझ्या कुंपणावर बुलबुल जे खाणार, त्याचं बी ते रानात नेऊन टाकणार. मग ते बी रानातलंच असलेलं बरं.

आणि रंगाचं म्हणशील तर करवंदीला तो वर्षभर असतो. कोवळी पालवी तांबूस येते, मग तीच पानं जाड, चकचकीत हिरवी होतात आणि उन्हाळ्यातही झडून जात नाहीत. थंडी सरता सरता फांद्यांच्या शेंड्यांना पांढऱ्या फुलांचे घोस लागतात. एक फूल हातात घेऊन बघ: पाच अरुंद पाकळ्या, खाली बारीक नळी, तिच्यावर गुलाबी झाक, आणि वास थेट जाई-जुईच्या जवळचा. एप्रिलपासून फळं रंग धरू लागतात. एकाच घोसात एक हिरवं, एक लालसर, एक काळंभोर, कारण सगळी एकदम पिकत नाहीत. पाखरांच्या दृष्टीने हीच मोठी सोय, ऐन उन्हाळ्यात कित्येक आठवडे खाणं पुरतं. बुलबुल येतात, कोकीळ येतो, कुटुर्गा येतो. रात्री उदमांजर येऊन जातं, सकाळी त्याच्या विष्ठेत बिया दिसतात.

काट्यांना घाबरू नकोस. ते टणक असतात, पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले, आणि हात घातलास तर ओरबाडणार हे नक्की. पण त्याच काट्यांमुळे मांजर आत शिरत नाही, म्हणून बुलबुल अशा जाळीत घरटं करतात. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तेवढी लांब लाव.

बी ताजंच पेरायचं, ठेवून दिलं तर त्याची उगवण फार लवकर मंदावते. काळी, पूर्ण पिकलेली करवंदं चोळून गर धुऊन टाक, बिया एखाददोन दिवस सावलीत सुकव आणि लगेच पिशव्यांत पेर. रोप सुरुवातीला फारच सावकाश वाढतं. त्या काळात धीर सोडू नकोस. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीत लाव, दोन रोपांत साधारण तीन फूट अंतर ठेव. माती मुरमाड असली तरी चालेल, पाणी साचायला मात्र नको, आणि ऊन भरपूर हवं. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी दे आणि बुंध्याशी पालापाचोळा पसर. पुढे ती आपली आपण जगते.

नर्सरीतून आणणार असशील तर एक सांभाळ. करवंद म्हणून कधीकधी दक्षिण आफ्रिकेतलं मोठ्या फुलांचं, मोठ्या लाल फळांचं भावंड हातात देतात. दिसायला देखणं आहे, पण आपल्याला ते नकोय. शक्य झालं तर आपल्याच डोंगरातल्या जाळीचं बी घे.

छाटणीबद्दल माझं मत ठाम आहे. तुझ्या शेजारच्यांसारखी कात्रीने चौकोनी भिंत करू नकोस. फुलं नव्या शेंड्यांवर येतात, हिवाळ्यात शेंडे कापले की फुलं गेली आणि फळंही गेली. जे कापायचं ते फळं संपल्यावर, पावसाच्या सुरुवातीला, तेही वाटेत येणाऱ्या फांद्यांपुरतंच. कापताना पांढरा चीक गळतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. बाकी जाळी हवी तशी पसरू दे. आतली दाटी जितकी जास्त, तितकी पाखरं निर्धास्त.

मुलांना करवंदं खाऊ देत, कोंबडा की कोंबडी ते फोडून बघू देत. पण खालच्या फांद्या त्यांच्या आणि वरच्या पाखरांच्या, असं आधीच ठरवून टाक. झाड ओरबाडून रिकामं केलंस तर लावण्यात अर्थच काय?

यंदा आमच्या जाळीला फळ चांगलं धरलंय. मेअखेर बिया धुऊन कागदाच्या पुडीत पाठवते, हातात पडल्या की त्याच दिवशी पेर. पिशव्या आणि माती आधीच भरून ठेव.

तुझी,
मंगल