लाझारोला बिघडवले कोणी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'लाझारिलो दे तोर्मेस' या स्पॅनिश कादंबरीवर आलेला लेख वाचला. १५५४ साली लेखकाच्या नावाविना छापली गेलेली आणि पाचच वर्षांत कॅथलिक धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) निषिद्ध ग्रंथांच्या यादीत जमा झालेली ही छोटेखानी कादंबरी मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र एकामागून एक धन्यांची चाकरी करणाऱ्या लाझारोच्या, म्हणजे कादंबरीच्या गरीब पोरक्या नायकाच्या, सगळ्या धन्यांत तोलेदो शहरातला तो कफल्लक उमराव तेवढा भला, हे त्यांचे मत मला पटले नाही. माझ्या मते पोराचे खरे नुकसान त्यानेच केले.

त्याआधीचे दोन धनी निष्ठुर होते, यात वाद नाही. बैलाच्या दगडी पुतळ्याला कान लाव, आतून मोठा आवाज ऐकू येईल, असे सांगून आंधळ्या भिकाऱ्याने सालामांकाच्या पुलापाशी पोराचे डोके त्या दगडावर आपटले. माकेदाचा पाद्री पाव पेटीत कुलूपबंद ठेवी आणि चार दिवसांनी एक कांदा देई. पण त्यांच्याशी लाझारोचे वैर उघड होते. त्यांच्यासारखे व्हावे असे त्याला कधी वाटले नाही.

उमरावाची गोष्ट निराळी. त्याच्या घरात ना खुर्ची, ना टेबल, ना पेटी, पण सकाळी अंगरखा झटकून, कमरेला तलवार लावून तो असा डौलात बाहेर पडे की, पाहणाऱ्याला वाटावे, स्वारी आताच भरपेट न्याहारी करून निघाली आहे. दातांत अडकण्याजोगे काही पोटात गेलेले नसतानाही तो काडी घेऊन दारात उभा राही आणि दात कोरी. लाझारो भीक मागून पाव आणि गाईचा शिजवलेला खूर घेऊन आला, तेव्हा साहेबांनी आपण जेवून आल्याचे सांगितले खरे, पण नजर काही त्या खुरावरून हटेना. मग पोरानेच, धन्याची अब्रू जाऊ नये अशा बेताने, त्याला खायला बसवले. नोकराने धन्याला पोसण्याचा हा प्रसंग लेखकाने फार मायेने लिहिला आहे, आणि वाचक फसतो तो इथेच. एका शेजारी सरदारापुढे टोपी काढावी लागू नये, एवढ्यासाठी गाव सोडून आलेला हा गृहस्थ घरभाडे मागायला माणसे आली, तेव्हा नाणे मोडून आणतो असे सांगून जो गेला तो परतलाच नाही. त्या माणसांच्या तावडीत सापडले पोर.

तरीही लाझारोने गिरवला तो याचाच कित्ता. पुढे तोलेदोच्या एका धर्मगुरूने त्याला गाढव आणि चार घागरी देऊन गावात पाणी विकायला लावले. रोज तीस मारावेदी (तेव्हाची स्पॅनिश नाणी) धन्याला द्यायचे, वरची कमाई आणि शनिवारचे सगळे उत्पन्न स्वतःचे, असा सौदा होता. लेखात या भागाला एक ओळसुद्धा मिळालेली नाही, पण माझ्या मते कादंबरीची सगळी खोच त्यातच आहे. चार वर्षे पै-पै साठवून लाझारो काय घेतो? एक जुना अंगरखा, एक झिजलेली बंडी, एक झगा आणि एक तलवार! आणि ते कपडे अंगावर चढताच, आता आपण प्रतिष्ठित झालो, हे काम आपल्याला शोभत नाही, असे म्हणून तो गाढव परत करून मोकळा होतो. आयुष्यातली एकमेव कष्टाची, बऱ्यापैकी स्वतंत्र कमाई त्याने अशी सोडली. कपड्यांची यादी तलवारीपर्यंत उमरावाशी जुळते, हा मला योगायोग वाटत नाही.

शेवटी तो सरकारी दवंडीवाला होतो आणि सान साल्वादोर चर्चच्या वरिष्ठ पाद्र्याच्या मोलकरणीशी लग्न करतो. त्या दोघांविषयी गावात कुजबुज चालते. पाद्री त्याला सांगतो, लोकांच्या बोलण्याकडे नव्हे, स्वतःच्या फायद्याकडे बघ. आणि लाझारो ते निमूट ऐकतो. दारात उभे राहून कोरडे दात कोरणाऱ्या त्या उमरावाला हा सल्ला नव्याने द्यावा लागला नसता.

पुढील रविवारी याच विषयावर आणखी लिहिले जाणार असेल, तर १५७३ साली काटछाट करून निघालेल्या आवृत्तीचाही परामर्श घ्यावा, ही विनंती. तिच्यात भिक्षूचे आणि पापक्षमेची पत्रे विकणाऱ्या ठकाचे अशी दोन प्रकरणे गाळली होती; उमरावाचे प्रकरण मात्र तसेच राहू दिले होते.

आपला,
एक वाचक, नाशिक